इंजिनाची तक्रार आकड्यांत

मुलांनो, मागे एका शुक्रवारी वर्ग चालू असताना वीज गेली आणि इमारतीमागचा जनरेटर सुरू झाला, ते तुम्हांला आठवत असेल. थोड्याच वेळात त्याच्या पेटीवर पिवळा दिवा लागला आणि पडद्यावर ११० व ३ असे आकडे आले. राखणदार फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला निघाला, तेव्हा आम्ही जोरात ओरडलो. "काका, तुम्ही का ओरडलात?" असे तुम्ही नंतर विचारलेत. आम्ही वर्गातले दोन पालक हेच काम करतो, म्हणून उत्तर आमच्याकडे आले.

आजच्या मोठ्या इंजिनावर एक छोटा कंप्युटर असतो. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, फेऱ्यांचा वेग ही मापे सेन्सर त्याला सतत कळवतात. माप बिघडले की तो कोड देतो. बऱ्याच जनरेटर, ट्रक आणि ट्रॅक्टरांवर हे कोड जे १९३९ नावाच्या प्रमाणाप्रमाणे असतात. (१९३९ हे साल नव्हे, नुसता क्रमांक आहे.) पहिला आकडा सांगतो तक्रार कशाबद्दल आहे: १०० म्हणजे तेलाचा दाब, ११० म्हणजे पाण्याचे तापमान, १९० म्हणजे वेग. दुसरा आकडा सांगतो काय झाले: ० म्हणजे माप धोक्याइतके जास्त, १ म्हणजे धोक्याइतके कमी, ३ म्हणजे सेन्सरच्या तारेवर व्होल्ट जास्त, ४ म्हणजे व्होल्ट कमी.

आता गंमत पाहा. ११० आणि ० आले असते तर पाणी खरोखर तापलेले असते. पण आले होते ३. हा सेन्सर थंड असताना तारेवर जास्त व्होल्ट असतात आणि तापला की कमी होतात. तार तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. कंप्युटरला वाटते इंजिन बर्फाहून गार आहे! चालू इंजिन इतके गार असणे शक्य नाही, म्हणून तो तारेवर संशय घेतो. म्हणजे त्या दिवशी रेडिएटरमध्ये पाणी ओतून काहीच साधले नसते. उलट चालत्या इंजिनाच्या रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते तोंडावर उडते. आम्ही ओरडलो ते यासाठी.

पडदा नसलेल्या जुन्या इंजिनांत दिवाच कोड सांगे. आमच्यातला एक जण पुण्याचा. तिथे १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली, त्यामुळे कमिन्स हे नाव त्याच्या लहानपणापासून कानावर. या कंपनीच्या कोडांत ४१५ म्हणजे तेलाचा दाब फारच कमी. दिवा चार वेळा मिचकावे, थांबे, एकदा मिचकावे, थांबे, मग पाच वेळा. मोजायला चुकलात तर भलताच बिघाड शोधत बसाल.

तेलाच्या कोडाशी खेळ करू नये. एका कामावर रात्रपाळीच्या माणसाने तो कोड पुसला आणि इंजिन पुन्हा चालू केले, असे तीनदा. त्याचाही नाइलाज होता: जूनचा उकाडा, ए.सी. बंद, आणि वर झोपलेली दीडशे माणसे. सकाळपर्यंत बेअरिंग जळाली आणि क्रँकशाफ्टही गेला. पहिल्याच वेळी तेलाची पट्टी ओढून पाहिली असती तर काम डबाभर तेलावर भागले असते. कोड पुसला म्हणून बिघाड पुसला जात नाही, आणि कोडात सेन्सरचे नाव आले म्हणून सेन्सरच बदलायचा असेही नाही. चार-पाच कोड एकदम आले तर आम्ही आधी बॅटरी पाहतो, कारण तिचे व्होल्ट पडले की सगळेच सेन्सर वेडेवाकडे बोलू लागतात.

आपल्या जनरेटरची तार जोडाच्या तोंडाशीच तुटली होती. ती जोडून होईतो वीज आली, आणि तुमचे शुद्धलेखन मात्र सहाव्या ओळीवरच राहिले.