गाजर गवत आणि पेनिसिलीन

सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. इथे भरवशाचा पाऊस पडतो तो सप्टेंबरात. त्या ओलीवर मालदांडी ज्वारीची पेर होते आणि त्याच ओलीवर बांध, पडीक रानं, रस्त्यांच्या कडा गाजर गवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. मग कुणाला सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका येतात, कुणाच्या डोळ्यांना खाज सुटते, तर कुणाच्या पापण्या, मान आणि कोपराची लवण लाल होऊन खाजते.

अमेरिका खंडातलं हे तण १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं. १९७४ साली पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून होणाऱ्या त्वचारोगावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट अशी की हे एकच झाड दोन अगदी वेगळ्या ॲलर्जी देतं. परागकण नाकात गेले की आधीपासून तयार असलेली ‘आयजीई’ प्रतिपिंडं त्यांना पकडतात, पेशींतून हिस्टामाइन सुटतं आणि काही मिनिटांत शिंका सुरू होतात. पानांतलं पार्थेनिन हे रसायन त्वचेला लागलं, तर मात्र प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी जाग्या होतात. त्यांचं काम सावकाश चालतं. इसब एक-दोन दिवसांनी उठतं. म्हणून सेटिरिझिनची गोळी शिंकांना बरीच आवरते, पण इसबाला फारशी उपयोगी पडत नाही. तिथे डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम लागतं आणि मुख्य म्हणजे गवतापासून लांब राहावं लागतं. वाळलेल्या काड्यांतही पार्थेनिन शिल्लक असतं.

पार्थेनिनचा रेणू इतका लहान असतो की एकटा असताना तो प्रतिकारशक्तीच्या नजरेतच येत नाही. तो त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो आणि ते बदललेलं प्रथिन शरीराला परकं वाटू लागतं. पेनिसिलीन नेमकं हेच करतं. त्याच्या रेणूतलं कडं उघडतं आणि ते शरीरातल्या प्रथिनांना जोडलं जातं. पुढे इथेही दोन वाटा आहेत. आयजीईची वाट असेल, तर डोस घेतल्यावर साधारण तासाभरात पित्ताच्या गांध्या उठतात, ओठ सुजतात, क्वचित धाप लागून रक्तदाब कोसळतो. टी-पेशींची वाट असेल, तर काही दिवसांनी पुरळ येतं.

‘इतकी वर्षं गवत उपटलं, कधी काही झालं नाही’ असं शेतकरी सांगतात आणि ‘ही गोळी मागे घेतली होती’ असं रुग्ण सांगतात. दोघांचंही खरं असतं. शरीर आधीच्या संपर्कात ओळख करून घेतं आणि राग नंतर काढतं.

गवताच्या इसबावर दुकानातून स्वतःच मलम आणणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. त्यांतल्या काही मलमांत निओमायसिन हे प्रतिजैविक असतं आणि त्याचीच ॲलर्जी जडू शकते. मग मूळचं इसब कुठलं आणि मलमाचं कुठलं, हे कळेनासं होतं. गवत काढायचंच असेल, तर फुलावर येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून काढावं. नंतर अंघोळ करून कपडे बदलावेत.

औषधाबद्दल मात्र डॉक्टरांना ‘ती गोळी गरम पडली’ एवढंच सांगू नका. गोळीचं नाव, डोसनंतर किती वेळाने त्रास झाला आणि नेमकं काय झालं, हे लिहून ठेवा. पुरळाचा फोटो असेल तर उत्तमच. पेनिसिलीनच्याच गटातल्या अमॉक्सिसिलिनने जुलाब झाले, तर ती ॲलर्जी नव्हे. श्वास अडला किंवा चेहरा सुजला, तर १०८ला फोन करा. तिथे मांडीत दिलेलं ॲड्रिनॅलिनच पहिलं औषध. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून राहू नका.

लहानपणी तापात पुरळ आलं आणि पेनिसिलीनची ॲलर्जी कायमची कागदावर चढली, असंही पुष्कळदा होतं. ते पुरळ अनेकदा विषाणूचं असतं. परदेशांत अशी नोंद असलेल्यांची रीतसर तपासणी केली, तेव्हा दहातल्या नऊंहून अधिकांना पेनिसिलीन चालतं असं दिसलं. खरी आयजीईची ॲलर्जीही दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. ही खात्री रुग्णालयात, तज्ज्ञांसमोरच करून घ्यावी. घरी अर्धी गोळी खाऊन नव्हे. औषध घेतल्यावर ज्यांच्या तोंडात फोड आले होते किंवा कातडी सोलवटली होती, त्यांना मात्र ते औषध पुन्हा कधीही देऊ नये, तपासणीसाठीसुद्धा नाही.