वैयक्तिक स्मृतीतील दृष्टिस्थान

गतकाळातील एखादा प्रसंग मनश्चक्षूंपुढे आणला असता त्याचे चित्र दोन प्रकारे दिसू शकते. काही वेळा तो प्रसंग मूळ अनुभवाच्या वेळी दिसला तसा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखा, आठवतो. काही वेळा मात्र स्मरण करणारा दृश्याबाहेर उभा राहतो आणि त्यात वावरणारी स्वतःची मूर्ती त्रयस्थाप्रमाणे पाहतो. पहिल्या प्रकारास स्वदृष्टी व दुसऱ्यास परदृष्टी म्हणता येईल.

परदृष्टीचे कोडे असे की, मूळ प्रसंगी स्वतःची आकृती कोणालाही बाहेरून दिसलेली नसते. मग ती स्मृतीत आली कोठून? फ्रॉइड याने १८९९ साली बालपणीच्या आठवणींवरील निबंधात हाच मुद्दा मांडला होता. स्मृतीत स्वतःचीच मूर्ती दिसणे, हा मूळ संस्कारावर मागाहून संस्करण झाल्याचा पुरावा होय, असे त्याचे मत होते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास जॉर्जिया निग्रो व अल्रिक नायसर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. जुन्या आठवणींत परदृष्टीचे प्रमाण अधिक असते. ज्या प्रसंगी मनुष्यास स्वतःविषयी तीव्र जाणीव होती, त्यांतही ती अधिक आढळते. उलट, त्या वेळच्या भावनांकडे लक्ष देण्यास सांगितले असता स्वदृष्टी वाढते, असे त्यांना दिसून आले. १९९३ साली रॉबिन्सन व स्वान्सन यांनी दाखविले की, स्वदृष्टी सोडून परदृष्टी स्वीकारली असता भावनेची तीव्रता कमी होते. उलट दिशेने बदल केल्यास मात्र ती वाढत नाही.

या भेदाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्या समुदायात आईबापांबरोबर आलेली मुले आज ऐंशीच्या आसपास पोचली आहेत. त्यांच्या मुखातून त्या दिवसाची हकीकत टिपून घेण्यास आता फार अवधी उरलेला नाही.

समजा, असा एखादा निवेदक शुभ्र वस्त्रांतील अफाट समुदाय आणि त्यात वडिलांचे बोट धरून उभा असलेला स्वतः, हे सारे उंचावरून पाहिल्यासारखे सांगतो. हे दृश्य त्याला त्या दिवशी दिसणे शक्य नव्हते. पुढे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या पाठी, एवढेच बहुधा त्याला दिसले असेल. नंतर पाहिलेली छायाचित्रे, घरात पुनःपुन्हा ऐकलेली वर्णने आणि दीक्षाभूमीवर दरवर्षी जमणारा जनसमुदाय यांतून ते घडले असावे. मग ही साक्ष त्याज्य ठरते काय?

तसे मानणे चुकीचे होईल. दृष्टिस्थान मागाहून रचले गेले, एवढ्यावरून प्रसंगही रचलेला ठरत नाही. उलट, स्वदृष्टी हीदेखील सत्याची हमी नव्हे. तीही स्मरणाच्या क्षणी नव्याने उभी केली जाते. निवेदक शांतपणे बोलतो म्हणून त्या दिवसाचा त्याच्यावर परिणाम झाला नाही, असाही निष्कर्ष काढू नये. ती शांतता परदृष्टीचा परिणाम असू शकते.

संग्राहकाने मात्र एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. प्रयोगात स्वतः केलेल्या कृती मागाहून बाहेरून पाहिल्यासारख्या आठवल्यास पुढील स्मरणाची अचूकता घटते, असे मार्कोटी व सेंट जॅक्स यांनी २०१८ साली दाखविले आहे. म्हणून आरंभीच छायाचित्रे पुढे ठेवणे किंवा ‘तेव्हा तुम्ही कसे दिसत होता?’ असे विचारणे टाळावे. प्रथम निवेदकास अखंड बोलू द्यावे. नंतर तो जेथे उभा होता तेथून काय दिसले, काय ऐकू आले, हे विचारावे. आणि कथनातील कोणता भाग कोणत्या दृष्टीने आठवला, त्याची नोंद ठेवावी. अशा नोंदीमुळे त्या दिवशी प्रत्यक्ष अनुभवलेले व पुढे समाजाच्या स्मृतीतून मिळालेले, या दोहोंचा भेद पुढील अभ्यासकास करता येईल.