चिकूच्या वाडीचा कायदा

डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकाला, समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या बोर्डी-घोलवड परिसराची कीर्ती ज्या चिकूवर उभी आहे, आणि ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले, त्या चिकूचे झाड महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या मूळ अनुसूचीत आढळत नाही, हे वाचून कोणाही वृक्षप्रेमी माणसाला विस्मय वाटावा. साग, खैर, ऐन, किंजळ, मोह, हिरडा, आंबा, चिंच, फणस, चंदन, तिवर अशा सोळा जाती तेवढ्या तीत गणलेल्या आहेत. त्यांपैकी कोणतेही झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर असले तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवाना मिळाल्यावाचून तोडता येत नाही. वड, पिंपळ, ताड आणि सुरू या अनुसूचीबाहेरच राहिले. १९७५ चा झाडांच्या जतनाचा अधिनियम, ज्यात २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील वृक्षांना विशेष दर्जा दिला, तो तर नागरी क्षेत्रांपुरताच आहे. डहाणू नगरपरिषदेची हद्द संपली की त्याचा अंमलही संपतो.

बोर्डीच्या वाड्यांचे खरे रक्षण झाले ते निराळ्याच वाटेने. केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियमान्वये अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांना एकंदर ५०० एकरांची मर्यादा घातली, आणि तालुक्याच्या विकास आराखड्यात हरितक्षेत्रे, फळबागा व आदिवासी वस्तीचे प्रदेश स्पष्ट दाखवून तेथील जमिनीचा वापर बदलू नये, असा दंडक घातला. माझ्या मते या अधिसूचनेचे मर्म याच कलमात आहे. कारण परवान्याचा कायदा कुऱ्हाड उचलली गेल्यावर जागा होतो, आणि हे कलम मात्र वाडीचे भूखंड पाडण्याचा विचार मनात येतो तेथेच आडवे येते. अधिसूचना कागदावरच राहू नये म्हणून पर्यावरणवादी बिट्टू सेहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निर्णय दिला, आणि त्यानुसार निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ साली याच प्राधिकरणाने तालुक्याच्या किनाऱ्यावरील प्रस्तावित वाढवण बंदर नामंजूर केले. धर्माधिकारींच्या निधनानंतर, २०२३ मध्ये, त्याच बंदराला अटींसह अनुमती मिळाली. अधिसूचनेचे सामर्थ्य ती राबवणाऱ्यांच्या निष्ठेवर किती अवलंबून असते, हे या दोन निर्णयांतील अंतरावरून कळते, आणि हे अंतर मला अत्यंत चिंताजनक वाटते.

तथापि झाडाचा विचार करताना झाडाखाली राहणाऱ्या माणसाला विसरणे हा अन्याय होईल. ज्या वारली आदिवासींनी जंगलठेकेदारांसाठी तुटपुंज्या मजुरीवर लाकूडतोड केली, आणि १९४५ पासून गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वेठबिगारीविरुद्ध व मजुरीवाढीसाठी लढा दिला, त्यांच्याच शेतातील साग पुढे व्यापाऱ्याने कवडीमोलाने उचलू नये म्हणून १९६९ साली आदिवासी भोगवटादारांच्या वृक्षविक्रीचे नियमन करणारा स्वतंत्र अधिनियम आला, आणि हा व्यवहार सरकारी देखरेखीखाली आणला गेला. हेतू निःसंशय थोर होता. परंतु गरजेच्या वेळी स्वतःचे झाड विकण्यासाठीही ज्याला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, त्याला झाड हे धन न वाटता ओझे वाटू लागले, तर दोष त्याचा कसा मानावा?

खाडीकाठच्या तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने, जमीन कोणाचीही असो, अभय दिले आहे. लोकहिताच्या प्रकल्पांना मात्र न्यायालयाच्या परवानगीचा मार्ग खुला आहे, आणि बुलेट ट्रेनसाठी तो २०२२ मध्ये अवलंबला गेला.

डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभांना आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिलेला आहे. आराखड्याचा नकाशा मागवून प्रत्येक वाडीची नोंद त्यात फळबाग म्हणून आहे किंवा नाही, हे सातबाराशी ताडून पाहण्याचे काम ग्रामसभेने पुढील बैठकीतच हाती घ्यावे. कारण नकाशात जी वाडी फळबाग म्हणून दाखवलेली नसेल, तिच्यासाठी १९९१ च्या त्या कलमाचा आधार मागणेही कठीण होईल.