खारी टाकी, बोअरचं पाणी

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर बसतो. तो डायटमचा, पाण्यातली सिलिका संपली की बहुधा आपोआप ओसरतो. खरी डोकेदुखी त्यानंतरची: दगडांवर वाढणारं हिरवं, केसाळ शेवाळ. ते प्रवाळांच्या बुडाशी शिरतं, त्यांचा उजेड अडवतं आणि उपटून काढलं तरी पुन्हा हजर होतं. मग बाटलीतलं औषध शोधलं जातं. तसं करू नका. तांबं असलेल्या शेवाळनाशकानं गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळही मरतात.

शेवाळ जगतं नायट्रेट आणि फॉस्फेटवर. ढोकीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात नायट्रेट बोअरमधूनच येऊ शकतं. पिकाला दिलेला युरिया, गोठ्याचं आणि शोषखड्ड्याचं पाणी खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मराठवाड्यात ती ओलांडणाऱ्या विहिरी आणि बोअर थोडे नाहीत. प्रवाळांच्या टाकीत हा आकडा दहाच्या आत बरा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं. घरच्या आरओतही एक मेख असते. चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. टाकीसाठी त्या मिसळणीच्या आधीचं पाणी घ्यायचं, उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढायचं आणि मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दिसला की मगच मीठ घालायचं.

एप्रिल-मेमध्ये लहान टाकीतलं पाणी झपाट्यानं उडतं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. तिथे रोज तांब्याभर बोअरचं ओतलं, की बाकीची सगळी मेहनत वाया!

फॉस्फेट बरंचसं मातीतच अडकतं. टाकीत ते येतं मुख्यतः आपल्या हातून, खाद्यातून. गोठवलेलं खाद्य चहाच्या गाळणीत वितळू द्यावं, ते पाणी फेकावं आणि मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच टाकावं. दिवे आठ तास पुरेत. ट्रोकससारख्या चार-दोन गोगलगायी दगड चरत राहतात. मात्र नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेऊ नये. प्रवाळ उपाशी पडतात आणि डायनोफ्लॅजेलेटचा चिकट, बुडबुड्यांचा थर पसरू शकतो, तो शेवाळापेक्षाही चिवट.

मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणून टाकीत ठेवायचा विचारही नको. आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

राहिला प्रश्न आरओच्या सांडपाण्याचा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे ज्या मुलखातून गेली, तिथे हे मोरीत सोडणं मला पटत नाही. त्यात क्षार जास्त, म्हणून कुंड्यांना नको. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला बादलीत साठवावं.