तेल महाग, तरी सोयाबीन स्वस्त का?

सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन सणासुदीच्या तोंडावर, केंद्र सरकारने खाद्यतेलांवरील आयात शुल्कात मोठी वाढ केली. कच्चे पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेल यांवरील एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेले, तर रिफाइंड तेलांवरील शुल्क १३.७५ वरून ३५.७५ टक्के झाले. तेलबिया पिकवणाऱ्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांत तेलाची पिशवी महागली, पण मराठवाडा-विदर्भाच्या बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलमागे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले जात राहिले. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत हा विषय गाजला. ग्राहकाने जादा पैसे मोजूनही ते शेतकऱ्यापर्यंत का पोहोचले नाहीत?

या कोड्याची पहिली गाठ आयातीत आहे. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. अलीकडच्या वर्षांत ही आयात दीड कोटी टनांच्या पुढे गेली आहे. पामतेल प्रामुख्याने इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून येते. त्यामुळे किराणा दुकानातील भाव दूरदेशीच्या घडामोडींवर हलतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटले आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा जगभर तेलाचे भाव भडकले. एका ग्राहकाला किती बाटल्या द्यायच्या, यावर ब्रिटनमधील मोठ्या दुकानांनी घातलेली मर्यादा तेथील मराठी कुटुंबांना आठवत असेल.

रुपयाचा विनिमय दर हाही या भावाचा एक घटक. आयातीचे व्यवहार डॉलरमध्ये होतात. रुपया घसरला की परदेशातून घरी पाठवलेल्या रकमेचे रुपये वाढतात. त्याच वेळी त्या घरातील तेलही महागण्याच्या वाटेवर असते.

दुसरी गाठ सोयाबीनच्या दाण्यातच आहे. शंभर किलो सोयाबीन गाळले की साधारण अठरा किलो तेल निघते. उरलेला बहुतेक भाग पेंडीचा असतो. ही पेंड कुक्कुटपालनात खाद्य म्हणून वापरली जाते आणि तिची निर्यातही होते. म्हणजे सोयाबीनला तेलबिया म्हटले जात असले, तरी त्याचा भाव ठरवण्यात पेंडीचा वाटा फार मोठा आहे. २०२४ मध्ये जगभर सोयाबीनचे उत्पादन मुबलक होते आणि पेंडीचे भाव पडले होते. त्यातच मक्यापासून इथेनॉल तयार करताना उरणारे प्रथिनयुक्त, स्वस्त पशुखाद्य देशातील बाजारात आले आणि सोयापेंडीची मागणी आणखी घटली. तेलावरच्या शुल्काने तेलाला आधार मिळाला, पेंडीला नाही. गाळप करणाऱ्या कारखान्याने दोन्हींचा हिशेब मांडला आणि त्यातून शेतकऱ्याला देऊ केलेला भाव कमीच राहिला.

मे २०२५ अखेर सरकारने दिशा बदलली. महागाईची झळ कमी करण्यासाठी कच्च्या तेलांवरील एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले. रिफाइंड तेलांवरील शुल्क मात्र तसेच ठेवले, जेणेकरून कच्चे तेल आणून त्याचे शुद्धीकरण देशातच व्हावे. शुल्क वाढवले की ग्राहक नाराज, घटवले की शेतकरी नाराज, अशी ही तारेवरची कसरत आहे.

ही परिस्थिती अटळ नव्हती. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया अभियानामुळे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस देश खाद्यतेलात स्वयंपूर्णतेच्या जवळ पोहोचला होता. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली होत गेली आणि स्वस्त तेलापुढे करडई, जवस, भुईमूग मागे पडले. मराठवाडा-सोलापूरच्या कोरडवाहू रानांत करडईची जागा आक्रसली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे नवे अभियान मंजूर केले आहे. त्याची खरी कसोटी घोषणेपेक्षा खरेदी केंद्रांवर लागेल.

मागणीची बाजूही तितकीच महत्त्वाची. नीती आयोगाच्या २०२४ मधील अहवालानुसार देशातील दरडोई वार्षिक वापर १९.७ किलोंवर गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुचवलेले प्रमाण १२ किलो आहे. यातील बरेच तेल कढईत दिसतही नाही; ते फरसाण, बिस्किटे आणि हॉटेलच्या जेवणातून पोटात जाते, आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा असतो.

दुकानातील किमतीचे आणखी एक अंग पिशवीवरच छापलेले असते. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. ठरावीक मापांच्या वेष्टनाची सक्ती २०२२ मध्ये उठल्यानंतर ८५०, ८०० किंवा ७५० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या पिशवीशेजारी दिसू लागल्या. समजा, ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १४५ रुपयांना आहे. दुसरी पाच रुपयांनी स्वस्त वाटते. पण पहिलीचा भाव किलोमागे सुमारे १६५ रुपये पडतो, दुसरीचा १७१. महाराष्ट्रात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी ऑनलाइन किराणा मागवताना किमतीआधी वजन वाचणे म्हणूनच शहाणपणाचे.

एवढी दक्षता ग्राहकाच्या हाती आहे. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. तेलावरील शुल्क, पेंडीची बाजारपेठ आणि हमीभावाची प्रत्यक्ष खरेदी या तिन्हींचा एकत्र विचार होत नाही, तोवर महागलेल्या पिशवीतले पैसे शेताच्या बांधापर्यंत पोहोचणे कठीण आहे.