वर्तुळाचं अंडं का होतं?

यंत्राला वर्तुळ सांगितलं, लाकडावर अंडं उमटलं. सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरीवकाम करणारं यंत्र, बाळगणाऱ्या हौशी माणसाचा पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. गुन्हेगार बरेचदा एखादा सैल स्क्रू असतो.

अशा यंत्रातली स्टेपर मोटर सहसा एका फेरीत २०० पावलं टाकते. एका पावलाचे १६ मायक्रोस्टेप आणि फेरीला ८ मिलिमीटर सरकवणारा लीडस्क्रू असेल, तर मिलिमीटरला ४०० सूक्ष्म पावलं. मेख अशी, की साध्या यंत्रात पाऊल चुकलं तरी कंट्रोलरला पत्ताच नसतो.

म्हणून आधी मोजावं. १० आणि १०० मिलिमीटर सरकवून पाहा. चूक अंतरासोबत वाढली, तर सेटिंगमधला मिलिमीटरमागच्या पावलांचा आकडा तपासा. दिशा बदलताना ठरावीकच चूक येत असेल, तर लीडस्क्रूच्या नटात ढिलाई आहे. कधी बरोबर, कधी चूक? मग पावलं गळताहेत: वेग जास्त, कपलिंग सैल किंवा मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर तापलेला.

रायपूरसारख्या उष्ण शहरात हे शेवटचं कारण हलक्यात घेऊ नये. मे महिन्यात तिथे पारा ४० अंशांपलीकडे जातो. ए४९८८सारखी ड्रायव्हर चिप फार तापली की स्वतःच बंद पडते आणि थंडावल्यावर, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होते. तोवर नक्षी सरकलेली असते.

कंट्रोलरच्या पेटीत पंखा बसवा. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. ड्रायव्हर जळू शकतो.