वारुळावरची अळमी आणि काजूची फेणी

श्रावणात ज्या घरांत मासळी वर्ज्य, त्या घरांची समजूत घालायला गोमंतकात निसर्गाने अळमी दिली आहेत. आपण बेळगावकडची मंडळी अळंबी म्हणतो, तीच ही. चोर्ल्याचा घाट उतरून सत्तरी-डिचोलीकडे गेले, की पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांत बांधलेले पुडे दिसू लागतात. ही अळमी नगावर मोजून विकतात, आणि भाव ऐकून नवखा माणूस चपापतो.

भाव उगाच चढत नाही. उत्तम अळमी रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवतात. वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळ्याच्या भुग्यावर एक बुरशी पोसते. तेच तिचे अन्न. पावसाने जमीन भिजली, की त्याच बुरशीच्या छत्र्या माती फोडून वर येतात. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या कुळाला टर्मिटोमायसिस असे नाव दिले. बाजारातल्या बटण अळंबीसारखी ही शेडमध्ये पिकवता येत नाहीत; वाळवी गेली की अळमी गेली. जिथे वारूळच सातेरी म्हणून पूजले जाते, तिथल्या जुन्या माणसांना हे निराळे शिकवावे लागले नाही.

भाजलेले खोबरे, धणे, मिरी घालून केलेली अळम्यांची शाकुती प्रसिद्धच आहे. मला मात्र मसाल्याचा थाट नको वाटतो. कांदा, हिरवी मिरची, मीठ एवढ्यावर ती स्वतःच्याच पाण्यात शिजू द्यावीत. मातीचा सुवास तेव्हाच कळतो.

आता ज्यांना वर्ज्य नाही त्यांच्यासाठी पेल्याची गोष्ट. काजूचे झाड पोर्तुगीजांनी आणले. त्याच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची हुर्राक उन्हाळ्यातच संपते, म्हणून अळम्यांच्या दिवसांत सोबत उरते ती पुन्हा गाळलेली फेणी. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. शाकुतीला पाणी घातलेली फेणी शोभते. साध्या सुक्याला मात्र तिचा उग्र दर्प झाकून टाकतो. गोव्याची गोड पोर्टही नको. तिथे नाशिककडची कोरडी पांढरी वाईनच बरी.

एक इशारा. चांदीचे नाणे काळे पडले तरच अळंबी विषारी, ही समजूत खोटी आहे. काही अळंब्यांचे विष सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी कळते. तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. शाई-छत्री नावाने ओळखता येईल अशी एक जात एरवी निरुपद्रवी, पण मद्याबरोबर पोटात गेली तर चेहरा लाल होऊन ओकाऱ्या सुरू होतात. म्हणून रानातली पिढीजात ओळख असलेल्या माणसाच्या हातचीच अळमी घ्यावीत.

आणि त्या माणसाचे आणखी एक ऐकावे. तो सगळी छत्रे उपटत नाही, वारुळाला कुदळ लावत नाही. खाणींनी डिचोलीकडच्या टेकड्या पोखरल्या. अभयारण्यातून काही उचलायला १९७२ चा वन्यजीव कायदा आड येतो, तो योग्यच आहे. उरलेल्या रानात चार छत्र्या बीज सांडायला राहिल्या, तर पुढच्या श्रावणातही पानांचे पुडे रस्त्यावर दिसतील.